खानाची बोली : पोवाड्यापासून चित्रकथेपर्यंत अफझलखान

खलनायकाचा विचार आपल्याकडील समीक्षेत बहुधा त्याच्या कृत्यांच्या अंगाने होतो. त्याने काय केले, कोणत्या हेतूने केले, त्याचे पारिपत्य कसे झाले, हे प्रश्न विचारले जातात. तो बोलतो कसा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात अफझलखान या एकाच पात्राकडे या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावयाचे आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले, ते गेली साडेतीनशेहून अधिक वर्षे पोवाडा, बखर, वग, पाठ्यपुस्तक, चित्रकथा, चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका अशा नाना माध्यमांतून पुनःपुन्हा सांगितले गेले आहे. कथानकाचा सांगाडा जवळजवळ तोच राहिला. खान मात्र तोच राहिला नाही. तो उत्तरोत्तर राक्षसी होत गेला, आणि याचे कारण त्याच्या नावावर नवी दुष्कृत्ये जमा झाली हे नसून त्याच्या तोंडची बोली काढून घेतली गेली हे आहे, असे मला वाटते.

आरंभ अर्थातच अज्ञानदासाच्या, म्हणजे ज्याला आपण अगिनदासही म्हणतो त्या शाहिराच्या पोवाड्यापासून करावा लागतो. अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यामुळे हा पोवाडा सुशिक्षितांच्या दृष्टीस पडला. त्यात खान देवळे भ्रष्ट करणारा आहे, गर्विष्ठ आहे, मरावयास योग्य आहे. शाहिराच्या मनात त्याच्याविषयी दयेचा लवलेश नाही. परंतु भेटीच्या शामियान्यात दोघे समोरासमोर येतात तेव्हा जे घडते ते लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहे. खान राजाला कुणब्याचा पोर म्हणून हिणवतो आणि हा पातशाही थाट तुला कोठला, असे विचारतो. राजा लगेच उलटून, तू तरी भटारिणीचाच पोर, असे सुनावतो. ही उखाळीपाखाळी मराठी पोवाड्याच्या मधोमध चक्क दखनी वळणाच्या मिश्र बोलीत चालते, आणि राजाचे उत्तरही त्याच बोलीत येते. शत्रू परका आहे म्हणून त्याची बोली परकी, असा हिशेब शाहिराने केलेला नाही. दोघांनाही एकमेकांची बोली येते, एकमेकांचे कूळ ठाऊक आहे, आणि एकमेकांच्या वर्मावर नेमके बोट कसे ठेवावे हेही ठाऊक आहे. भांडण इतक्या बारकाईने व्हावयास ओळख असावी लागते.

बखरीत चित्र थोडे पालटते. सभासद खानाकडून घोड्यावरून न उतरता शिवाजीस धरून आणण्याची बढाई वदवतो; पण सभासदाची सारीच गद्यभाषा फारसीमिश्रित दरबारी मराठी असल्यामुळे खान आणि राजा यांच्या भाषेत अंतर उरत नाही. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त तर खान संस्कृतात बोलतो. या काव्यात यवनांकडे दैत्यांचे अवतार म्हणून पाहण्यात आले आहे, हे अभ्यासकांस ठाऊक आहेच. ज्या ग्रंथात खान प्रथम दैत्य झाला, त्याच ग्रंथात त्याची बोली प्रथम नाहीशी झाली, ही गोष्ट माझ्या प्रतिपादनाला अनुकूल आहे. तथापि संस्कृत महाकाव्यात दखनीला जागा नव्हतीच, हेही मान्य केले पाहिजे. एका उदाहरणावर फार भार टाकू नये.

एकोणिसाव्या शतकात वाद निराळाच झाला. ग्रँट डफच्या इतिहासाने (१८२६) शिवाजी महाराजांवर विश्वासघाताचा ठपका ठेवला, आणि पुढे सारी चर्चा राजाच्या कृत्याच्या नीतिमत्तेभोवती फिरू लागली. १८९७ च्या शिवाजी उत्सवात टिळकांनी याच प्रश्नाचा परामर्श घेतला, तो ‘केसरी’त छापून आला, आणि त्याच वर्षीच्या राजद्रोहाच्या खटल्यात तो पुराव्यादाखल पुढे आला. या साऱ्या वादात खान हा केवळ एक मुद्दा होऊन बसतो. त्याला बोलावयास कोणी सांगतच नाही. याला महत्त्वाचा अपवाद जोतीराव फुले यांच्या पवाड्याचा. अपवाद अशासाठी की, १८६९ साली फुल्यांनी राजाला ‘कुळवाडीभूषण’ म्हटले, तेव्हा सतराव्या शतकातील खानाने शिवी म्हणून फेकलेला शब्दच त्यांनी जणू मुकुटासारखा राजाच्या मस्तकी ठेवला. फुल्यांपुढे अज्ञानदासाची ती ओळ होती असे मी म्हणत नाही. परंतु दोन पोवाडे शेजारी ठेवले असता खलपुरुषाची शिवी दोन शतकांनंतर नायकाची बिरुदावली होते, हे दिसल्यावाचून राहत नाही. आणि ती शिवी ऐकूच आली नसती तर हे दिसलेही नसते.

येथवर लिखिताचा विचार झाला. लिखिताच्या बाहेर, रात्रभर चालणाऱ्या तमाशाच्या फडावर खानाचे काय झाले, हे पाहण्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांकडे वळणे सोयीचे आहे. शिवनेरी जुन्नरलाच आहे, म्हणून राजाच्या कथेवर या मुलखाचा विशेष हक्क. आणि नारायणगाव हे भाऊ-बापू मांग व विठाबाई यांच्या घराण्याचे गाव, म्हणून वगावरही. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे यात्रेचे पंच येऊन सुपारी ठरवितात आणि चैत्र-वैशाखात घोड व मीना यांच्या खोऱ्यांतील जत्रांतून वग उभे राहतात. इतिहासातला खान या मोहिमेत जुन्नरकडे फिरकलादेखील नाही. तो तुळजापूर-पंढरपूरच्या वाटेने वाईस गेला, आणि जुन्नर त्या वेळी मोगलांकडे होते. फडावरचा खान मात्र या भागातील प्रेक्षकाच्या चांगल्या परिचयाचा आहे.

ऐतिहासिक वगातील खान, सुभेदार, किल्लेदार ही पात्रे निम्मी मराठी व निम्मी दखनी बोलतात. संवाद बहुधा लिहिलेले नसतात. कथेचा सांगाडा ठरलेला, बाकी नटाची हजरजबाबी. खानाच्या पुढ्यात सोंगाड्या उभा राहिला की विनोद बोलीतूनच निघतो. खान दरडावतो, ‘पाव पकड मेरे’, आणि सोंगाड्या विचारतो, ‘सरकार, कुठल्या बेकरीचा?’ शिवकाळात बेकरी नव्हती, ही हरकत फडावर कोणी घेत नाही. या विनोदाचे भाषिक स्वरूप पाहिले पाहिजे. तो साधावयाचा तर प्रेक्षकाला ‘पाव’ या शब्दाचे दोन्ही अर्थ ठाऊक हवेत. म्हणजे खानाची बोली त्याला येत असली पाहिजे. आणि ती येते. जुन्नर हे मलिक अंबराच्या काळापासूनचे बहुभाषिक शहर. तेथल्या कागदाला एके काळी पेशव्यांच्या दप्तरापर्यंत मान होता, आणि तो करणाऱ्या कागदी लोकांच्या घरांतून, बाजारपेठेतून दखनी कानावर पडतच आली आहे. तेव्हा मंचर-घोडेगावच्या शेतकऱ्याला फडावरच्या खानाची भाषा विजापूरची वाटत नाही. ती त्याला आठवडेबाजारातली वाटते.

आणखी एक गोष्ट येथे नमूद करणे अवश्य आहे. दखनी ही स्वतःच मराठीच्या सहवासात घडलेली बोली आहे. तिच्यातला ‘नक्को’ आपल्या ‘नको’चा, आणि ‘वोच’, ‘वैसाच’ यांतला जोर देणारा ‘च’ आपल्याच ‘च’चा. खान फडावर ‘मेरेकू नक्को’ म्हणतो तेव्हा त्याच्या नकारात मराठीच बोलत असते. शिवाय हे इतिहासालाही सोडून नाही. अफझलखान वाईचा सुभेदार होता, आदिलशाहीत मुलकी कारभार मोठ्या प्रमाणावर मराठीत चाले, आणि ज्या माणसाने मावळच्या देशमुखांशी व्यवहार केला त्याला मराठी समजत नव्हती असे मानणे कठीण आहे. एरवी कालविपर्यासाने भरलेला वग या एका बाबतीत अनेक गंभीर कादंबऱ्यांपेक्षा वस्तुस्थितीच्या अधिक जवळ येतो, ही गंमत नव्हे काय?

आता चित्रकथा. अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली आणि तीतील ‘शिवाजी’ हा अंक, प्रताप मुळीक यांच्या चित्रांनिशी, मराठी घरांतून पोचला. मुळीकांच्या रेषेविषयी मला आदर आहे. घोड्याची धाव आणि गडाची चढण त्यांच्याइतकी कोणी क्वचितच काढली असेल. परंतु या मालेतील बहुतेक अंकांची संहिता आधी इंग्रजीत सिद्ध होई आणि मग अनेक भाषांत उतरे. जे वाक्य बंगालीत, तमिळमध्ये आणि मराठीत एकाच आकाराच्या फुग्यात बसवावयाचे, त्यात दखनी कशी राहावी? चित्रकथेत खान आणि राजा एकच प्रमाण भाषा बोलतात. दोघांतला भेद दाखविण्याची जबाबदारी साहजिकच कानाकडून डोळ्याकडे जाते : खान आडवातिडवा, राजाच्या दीडपट, दाढी, भुवया, डोळ्यांतील क्रौर्य. इयत्ता चौथीच्या पाठ्यपुस्तकातील, दिनदर्शिकेवरील आणि गणेशोत्सवाच्या हलत्या देखाव्यातील खान याच कुळातला. पोवाड्यातील खान मुखाने खल होता. चित्रातील खान देहाने खल झाला. आणि देहाने जो खल असतो त्याला उत्तर देता येत नाही, त्याला फक्त मारता येते. सोंगाड्यालाही त्याच्यापुढे काही काम उरत नाही.

पडद्याने ध्वनी परत आणला, हे खरे. पण कोणता ध्वनी? २००८ साली स्टार प्रवाह वाहिनीवर सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत राजाची भूमिका नारायणगावच्याच अमोल कोल्हे यांनी केली, हा या लेखाच्या दृष्टीने एक सुखद योगायोग. पण नट नारायणगावचा असला तरी मालिकेची घडण फडाची नव्हे; तेथे संवाद आधी लिहिले जातात आणि ते साऱ्या महाराष्ट्रात सारखेच समजावे लागतात. २०२२ च्या ‘शेर शिवराज’ या चित्रपटात खानासाठी मुकेश ऋषी यांची निवड झाली. हिंदी चित्रपटांतील खलभूमिकांमुळे परिचित झालेला हा धिप्पाड नट पडद्यावर येतो तेव्हा प्रेक्षकाने पूर्वी पाहिलेले कित्येक खलनायक त्याच्यासोबत येतात. चिन्मय मांडलेकर यांच्या राजापुढे तो उभा राहिला की चित्रकथेतील चौकट जिवंत झाल्याचा भास होतो. अभिनयात उणीव नाही. उणीव असलीच तर या निवडीमागील गृहीतात आहे : खानाचा आवाज कोठून आणावयाचा असे विचारले असता आपण वाईच्या वा जुन्नरच्या बाजाराकडे न पाहता मुंबईच्या हिंदी चित्रपटाकडे पाहतो. त्यामुळे बोली परत आली तरी ती शेजाऱ्याची म्हणून येत नाही. ती परक्याची खूण म्हणून येते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. पोवाड्यात आणि वगातही खान शत्रूच आहे, त्याचा वध तेथेही आनंदाने साजरा होतो; मग बोलीच्या एका धाग्यावरून मौखिक परंपरेला औदार्याचे श्रेय देणे ही भाषाशास्त्रज्ञाची भावविवशता नव्हे का? मी औदार्य म्हणत नाही. तमाशाच्या विनोदाला शेजाऱ्याचा उपहास वर्ज्य नाही, आणि तो उपहास कधी कधी बोचराही असतो. माझा दावा एवढाच की, ज्याची बोली आपल्याला कळते त्याच्याशी असलेले वैर माणसाशी असलेले वैर राहते. चित्र बोलत नाही, म्हणून त्याच्या खाली कोणतेही वाक्य लिहिता येते. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरील अफझलखान-वधाच्या चित्रावरून दंगल उसळली, ते वाक्य सतराव्या शतकातील शाहिराचे नव्हते. त्या कमानीवरील खान विजापूरचा सरदार राहिलेला नव्हता. तो शेजारच्या गल्लीवर चिकटविण्याचे एक चिन्ह झाला होता. ज्याच्या तोंडी स्वतःची भाषा उरलेली नाही, त्यालाच असे कोठेही चिकटविता येते.

आमच्या विभागापुरता यातून निघणारा प्रश्न पद्धतीचा आहे. पोवाडे छापले गेले, बखरी संपादिल्या गेल्या, ‘शिवभारत’ही १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले, चित्रकथा आणि चित्रपट तर आपोआपच जतन होतात. वगातील खानाचे बोलणे तेवढे कोणी लिहून ठेवलेले नाही, कारण ते लिहिलेले नसतेच. ते नटाच्या जिभेवर असते आणि दर जत्रेत थोडे पालटते. आता कित्येक फडांत वग आखडला असून हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा भाग लांबला आहे. जे वयस्क नट खानाच्या दखनीत पाऊण तास बिनतयारीने बोलू शकतात, त्यांची संख्या थोडी आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी गण, गौळण आणि लावणी यांकडे पुष्कळ लक्ष दिले. संवादांकडे, त्यातही खलपात्रांच्या संवादांकडे, फारसे दिले नाही. ध्वनिमुद्रण आता कोणत्याही विद्यार्थ्याच्या खिशातील यंत्रावर होते, तेव्हा साधनांची सबब उरत नाही. मुद्रणानंतरचे काम कष्टाचे आहे : लिप्यंतर करताना दखनीला हिंदीचे वळण लावण्याचा मोह टाळावा लागेल, ‘नक्को’ला ‘नक्को’च लिहावे लागेल, आणि सोंगाड्याचे उत्तर व प्रेक्षकांतून येणारी शेरेबाजी ही संहितेचाच भाग धरावी लागेल. पदव्युत्तर वर्गातील जे विद्यार्थी जुन्नर, नारायणगाव, मंचर या भागांतून येतात, त्यांना यासाठी निराळी क्षेत्रयात्रा करावयास नको. पाडव्याच्या सुट्टीत ते गावी जातातच, आणि राहुट्या त्याच वेळी पडलेल्या असतात.