‘जंग और अमन’ : युद्धविषयक माहितीपटातील वैविध्य आणि प्रतिनिधित्व

प्रस्तावना :
भारताने ११ व १३ मे १९९८ रोजी पोखरण येथे अणुचाचण्या केल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस पाकिस्तानने चागाई येथे चाचण्या करून त्यांस प्रत्युत्तर दिले. त्यानंतर उपखंडात उसळलेल्या युद्धज्वराचा मागोवा घेणारा आनंद पटवर्धन यांचा ‘जंग और अमन’ हा माहितीपट २००२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या युद्धविरोधी आशयाविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. प्रस्तुत लेखात मात्र त्यात कोण बोलते आणि कोणत्या नात्याने बोलते, या प्रश्नाची चिकित्सा करावयाची आहे.

वैविध्य आणि प्रतिनिधित्व :
या दोन संज्ञा अनेकदा समानार्थी वापरल्या जातात. वस्तुतः पडद्यावर विविध समाजघटकांचे चेहरे दिसणे म्हणजे वैविध्य होय. त्या घटकांना स्वतःच्या स्थितीचा अर्थ लावण्याचा अधिकार मिळणे म्हणजे प्रतिनिधित्व होय. माहितीपटात माणूस साक्षीदार म्हणून येतो किंवा भाष्यकार म्हणून. साक्षीदार ‘काय घडले’ ते सांगतो, भाष्यकार ‘का घडले’ ते सांगतो. हाच निकष येथे स्वीकारला आहे.

चित्रपटातील आवाज :
वैविध्याच्या कसोटीवर हा माहितीपट निःसंशय समृद्ध आहे. गांधीहत्येच्या स्मरणाने त्याचा प्रारंभ होतो. निवेदक स्वतःच्या कुटुंबाचा उल्लेख करून आपण कोठून बोलत आहोत हे लपवीत नाही. पुढे शास्त्रज्ञ, राजकीय नेते, शांतता-कार्यकर्ते, पाकिस्तानातील नागरिक आणि हिरोशिमाचे बाँबपीडित अशी विस्तृत मालिका उभी राहते.

तथापि भूमिकांची वाटणी पाहिली असता विषमता जाणवते. चाचणीस्थळाजवळील खेतोलाई येथील ग्रामस्थ आपले व जनावरांचे आजार सांगतात. जादूगोडा येथील युरेनियमच्या खाणीभोवतीचे आदिवासी किरणोत्साराच्या छायेतील जगणे सांगतात. त्यांचे बोलणे हृदयस्पर्शी आहे, परंतु ते प्रामुख्याने वेदनेचे निवेदन आहे. तिची कारणमीमांसा बहुतांशी निवेदक आणि नागर विचारवंत करतात. या संदर्भात श्रीप्रकाश यांच्या ‘बुद्ध वीप्स इन जादूगोडा’ (१९९९) या माहितीपटाशी तुलना उद्‌बोधक ठरते. तेथे जादूगोडा हा प्रवासातील एक मुक्काम नसून संपूर्ण विषय आहे. त्यामुळे आदिवासींच्या संघटित प्रतिकारालाही पुरेसा अवकाश मिळतो. अनेक देश व्यापणाऱ्या कलाकृतीला हे साधणे कठीण असते हे मान्य केले, तरी ही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

याला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. पहिला लाहोरच्या शाळकरी मुलींचा. वादस्पर्धेत अण्वस्त्रांची बाजू आवेशाने मांडणाऱ्या मुली नंतरच्या संवादात स्वतःच्याच युक्तिवादाकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागतात. त्या केवळ ‘शत्रुराष्ट्राचा मानवी चेहरा’ राहत नाहीत, तर विचार करणाऱ्या व्यक्ती म्हणून समोर येतात.

दुसरा अपवाद दलित वक्त्याचा. ११ मे १९९८ हा बुद्धपौर्णिमेचा दिवस होता आणि बुद्धाचे नाव १९७४ च्या चाचणीपासूनच अणुबाँबशी जोडले गेले होते. १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर ज्या समाजाने बुद्धाला समतेचा व करुणेचा शास्ता मानले, त्याच्या दृष्टीने ही केवळ शब्दयोजना नव्हती. येथे दलित माणूस दुःख सांगत नाही, राष्ट्राच्या प्रतीकव्यवस्थेचे परीक्षण करतो. तो साक्षीदार नसून भाष्यकार आहे.

वगळण्याचे राजकारण :
केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने सुचविलेल्या कपातींमध्ये या दलित नेत्याची, बुद्धाविषयीच्या उद्गारांसह, दृश्ये व संवाद वगळण्याची सूचना होती, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. वेदना सांगणारा वंचित व्यवस्थेला सहन होतो, अर्थ लावणारा वंचित सहन होत नाही, असे अनुमान त्यातून काढता येते. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहितीपट कोणत्याही कपातीविना दाखविण्यास अनुमती दिली. अन्यथा चित्रपटातील प्रतिनिधित्वाचा सर्वांत सशक्त क्षणच नष्ट झाला असता.

याच सूत्राचे दुसरे उदाहरण खुद्द माहितीपटात आहे. हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या ‘एनोला गे’ या विमानाचे १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेत प्रदर्शन भरले. माजी सैनिकांच्या संघटनांच्या व राजकीय दबावामुळे मूळ योजना रद्द झाली. विमान प्रेक्षकांसमोर आले, बाँबपीडितांशी संबंधित नियोजित भाग मात्र गळाला.

निष्कर्ष :
१. ‘जंग और अमन’मध्ये सामाजिक व भौगोलिक वैविध्य लक्षणीय आहे, परंतु प्रतिनिधित्व सर्व घटकांना समप्रमाणात लाभलेले नाही.
२. ग्रामस्थ व आदिवासी प्रामुख्याने साक्षीदार म्हणून येतात. दलित वक्ता व लाहोरच्या मुली या चौकटीबाहेर पडतात.
३. युद्धविषयक माहितीपटाचे मूल्यमापन करताना चेहऱ्यांची गणना पुरेशी नाही. कोणता आवाज कापण्याचा आग्रह धरला गेला, हेही तपासले पाहिजे. प्रतिनिधित्व कोठे खरे ठरले होते, याची खूण अनेकदा कात्रीच दाखवून देते.