श्रावण, मासे आणि अर्धवट विज्ञान

पावसाळ्यात एका शाळेच्या सहलीबरोबर खडकवासल्याला गेलो होतो. धरणाच्या काठी कोळ्याच्या टोपलीत वाम मासा दिसताच एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, पावसाळ्यात माशांना जंत होतात ना? म्हणून तर श्रावणात मासे खात नाहीत.’’ ‘सणांमागचे विज्ञान’ सांगणाऱ्या लेखांतून हे विधान नेहमी भेटते. ते तपासून पाहू.

यात तीन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. पहिला, जंत केव्हा वाढतात? मराठवाड्यात वाम माशाच्या आतड्यातील पट्टकृमींच्या अनेक पाहण्या झाल्या. त्यांत बहुधा लागण उन्हाळ्यात जास्त आणि पावसाळ्यात कमी आढळली. म्हणजे नेमके उलटे! या कृमींच्या अळ्या सायक्लॉप्समार्फत माशाच्या पोटात जातात. (हाच सायक्लॉप्स पूर्वी नारू पसरवत असे.) उन्हाळ्यात पाणी आटून दोघांची दाटी होते, म्हणून लागण वाढत असावी. दुसऱ्या परजीवींचे वेळापत्रक अर्थातच वेगळे असू शकते.

दुसरा प्रश्न, ते जंत माणसाला होतात का? वामीचे हे पट्टकृमी माशाच्या आतड्यात राहतात आणि साफ करताना आतड्याबरोबर फेकले जातात. धोका असतो तो मांसात लपणाऱ्या काही अळ्यांचा. थायलंडमध्ये कच्चे मासे खाण्यातून यकृत-पर्णकृमी माणसात येतो. १९९४ साली तो कर्करोगकारक ठरवला गेला.

तिसरा प्रश्न, शिजवल्यावर काय उरते? तुकडा आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअसला तापला की अळ्या मरतात. उकळत्या रश्शात हे सहज साधते. मात्र नुसते लिंबू-मीठ लावून त्या मरतीलच असे नाही. जाड तुकडा घाईत तळला, तर वरून लाल आणि आतून कच्चा राहू शकतो. मासे कापलेल्या सुरीनेच कोशिंबीर चिरणेही टाळावे.

पावसाळ्यात दमट हवेत मासा लवकर नासतो हे खरे. पण ते काम जिवाणूंचे, जंतांचे नव्हे.

श्रावण पाळायचा त्याने जरूर पाळावा. त्यासाठी जंतांची साक्ष कशाला हवी? चुकीचे ‘शास्त्रीय कारण’ मुलांना पटवले, तर प्रश्न विचारण्याची त्यांची सवय मोडते, आणि उन्हाळ्यातला अर्धाकच्चा तुकडा त्यांना निर्धोक वाटू लागतो. असे विधान पुन्हा कानावर आले, तर वर्गात एवढेच विचारावे : कोणता जंत, माशाच्या कोणत्या अवयवात, आणि कोणत्या महिन्यात किती माशांत?