‘लहानपणापासून’ने सुरू होणारा अर्ज आणि १९२३ चा एक प्रबंध

फायनान्सच्या मास्टर्सला अर्ज करणाऱ्या मुलामुलींचे एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, माझ्याकडे वाचायला येतात. खरं तर मी विज्ञानाचा माणूस. पण भंडारा जिल्ह्यात कोणी पीएच.डी. करतोय असं कळलं, की त्याला सगळंच कळतं असा लोकांचा समज होतो. त्यामुळे साकोली, तुमसर, पवनी, कुठूनही फाईल येते. मुलं हुशार असतात. कोणी बी.एस्सी. गणितवाला, कोणी बी.कॉम., कोणी इंजिनिअर. पण फाईल उघडली की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं: लहानपणापासून मला आकड्यांची आवड होती. दुसऱ्या परिच्छेदात जग वेगाने बदलतंय. तिसऱ्यात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उचललेली दोन प्राध्यापकांची नावं. शेवटी, या अभ्यासक्रमामुळे माझं व्यक्तिमत्त्व घडेल.

आज या लेखनप्रकाराची समीक्षा करू. ती करायला तुलनेसाठी दुसरा मजकूर लागतो, आणि तो आपल्या घरातलाच आहे: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. भंडाऱ्यात बाबासाहेब म्हटलं की जुन्या माणसांना १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक आठवते. ते इथून उभे राहिले आणि हरले. पण हाच माणूस लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सार्वजनिक वित्त या विषयावर एम.एस्सी. आणि चलनाच्या विषयावर डी.एस्सी. करून आला होता, हे आपल्याकडे फक्त पदव्यांची यादी म्हणून पाठ असतं. ते काम वाचलं जात नाही.

आधी क्रम बघा

१९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठ, न्यूयॉर्क. तिथे सार्वजनिक वित्ताचे मोठे अभ्यासक एडविन सेलिग्मन त्यांचे मार्गदर्शक. १९१६ मध्ये ते लंडनला आले ते सेलिग्मन यांची शिफारस घेऊन. ती गेली एलएसईचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांच्याकडे. फॉक्सवेल यांनी संस्थेच्या कार्यालयाला जे कळवलं त्याचा मथितार्थ असा, की या माणसाने डॉक्टरेट आधीच घेतली आहे, इथे फक्त संशोधन पुरं करायला आलाय, त्याने जिंकावं असं आमच्याकडे फार काही उरलेलं नाही. गंमत म्हणजे कोलंबियाची पीएच.डी. अधिकृतपणे मिळाली ती १९२७ मध्ये, प्रबंध छापून झाल्यावर. म्हणजे फॉक्सवेल यांनी जी पदवी झाली असं धरलं ती अजून हातात आलेली नव्हती, हातात होतं ते केलेलं काम.

पुढे १९१७ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि परत यावं लागलं. एलएसईने चार वर्षांत परत येण्याची मुभा दिली. मधल्या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२१ ला एम.एस्सी. झाली. त्या प्रबंधाचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातल्या साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचं प्रांतिक विकेंद्रीकरण. पुढे डी.एस्सी.चा प्रबंध दिला. परीक्षकांनी तो सुधारून मागितला. सुधारून दिला. १९२३ च्या अखेरीस पदवी मिळाली आणि पुस्तकही निघालं.

आता हा क्रम एसओपीवाल्याच्या हातात दिला तर तो काय लिहील? ‘अनेक अडचणींवर मात करून मी...’ आणि सगळं वजन अडचणींवर टाकील. पण एलएसईच्या दारात या अर्जदाराची ओळख झाली ती कामावरून, दुःखावरून नाही.

पुस्तकात नेमकं काय आहे

प्रश्न साधा आहे. रुपयाची किंमत कशाने टिकते? १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. त्याआधी कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता. बंद केल्यावर रुपये किती पाडायचे हे सरकारच्या हातात आलं. पुढे रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्सला बांधला गेला. या व्यवस्थेला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात: देशात रुपया चालतो, सोन्याशी नातं फक्त परदेशी व्यवहारापुरतं. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या पुस्तकात या व्यवस्थेची बाजू घेतली होती. स्वस्त पडते, सोनं अडकून राहत नाही, हा मुद्दा.

बाबासाहेब म्हणतात, थांबा. परदेशातला दर टिकला म्हणजे रुपया टिकला असं होत नाही. गावातल्या बाजारात त्या रुपयाला काय मिळतं ते बघा. सरकार हवे तेवढे रुपये पाडू शकत असेल तर महागाईला कुंपण कुठे? म्हणून रुपये पाडण्याचं प्रमाण सरकारच्या मर्जीवर राहू नये, हा त्यांचा निष्कर्ष.

संशोधनाची तयारी करणाऱ्याने इथे तीन गोष्टी टिपाव्यात. एक, प्रश्न एका ओळीत सांगता येतो. दोन, समोर खराखुरा प्रतिपक्ष आहे, आणि तोही सगळ्यात तगडा निवडलेला. तीन, आपला मुद्दा चूक ठरायचा असेल तर कुठे बघायचं ते वाचकाला कळतं: किमती बघा, पाडलेल्या रुपयांचे आकडे बघा.

पुस्तक निर्दोष आहे असं नाही. चलनाचं प्रमाण हे कारण इतकं पुढे येतं, की किमती वाढण्याची इतर कारणं मला मागे पडलेली वाटतात. आज कोणी तेच आकडे घेऊन बसला तर ती कारणं वेगळी काढायला लागतील. भाषाही धारदार आहे. चरित्रकार सांगतात की ब्रिटिश धोरणावरची ही धारच परीक्षकांना खुपली. पण हे दोष मला दिसतात, कारण मांडणी स्वच्छ आहे. गुळगुळीत एसओपीत दोषही दाखवता येत नाही, कारण त्यात काही म्हटलेलंच नसतं.

प्रस्तावना वाचाच

माझ्या मते या पुस्तकातली सगळ्यात शिकवणारी पानं एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेची आहेत. कॅनन हे बाबासाहेबांचे एलएसईतले मार्गदर्शक. आपल्याकडे गाईडने प्रस्तावना लिहायची म्हणजे ‘विद्यार्थी कष्टाळू व मनमिळाऊ’ अशी. कॅनन उघड लिहितात की या व्यवस्थेबद्दलचा लेखकाचा विरोध मला मान्य नाही आणि त्याचे बरेचसे युक्तिवादही पटत नाहीत. पण जिथे तो चुकला असं वाटतं तिथेही विचार ताजे आहेत, आणि व्यवहारातला शेवटचा निष्कर्ष बहुधा बरोबर आहे.

शिफारसपत्र मागताना हे आठवा. तुमच्याशी वाद घालू शकलेल्या प्राध्यापकाचं पत्र हे विभागप्रमुखाच्या छापील स्तुतीपेक्षा जास्त कामाचं. कारण त्याच्याकडे तुमच्याबद्दल सांगायला एखादी घटना असते, नुसती विशेषणं नसतात.

मग अर्जात काय लिहायचं?

आधी कुठे अर्ज करतोय ते बघा. सगळे ‘फायनान्स मास्टर्स’ एक नसतात. लंडन बिझनेस स्कूलचा मास्टर्स इन फायनान्स हा नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठी आहे, नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी तिथे वेगळा अभ्यासक्रम आहे. मुंबईतल्या जमनालाल बजाज संस्थेचा रोख उद्योगाकडे, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये फायनान्सकडे अर्थशास्त्राच्या अंगाने जातात. पुढे पीएच.डी. करायची असेल तर अभ्यासक्रमात इकॉनॉमेट्रिक्स किती, प्रबंध आहे की नाही, हे आधी तपासा. रँकिंगच्या याद्यांमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या पगाराला मोठं वजन असतं. पगार हवा असेल तर ती माहिती कामाचीच आहे, पण तुम्हाला तिथे संशोधन शिकवतील की नाही हे त्यातून कळत नाही.

एलएसई तर या निवेदनाला ‘शैक्षणिक’ हेतूचं निवेदन म्हणते. तो एक शब्द वाचला तरी ‘लहानपणापासून’ आपोआप गळून पडावं.

प्रश्न कुठून आणायचा? न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातूनच आणायला हवा असं नाही. आपल्या जिल्ह्यातलं एक उदाहरण घ्या. शेतकरी आधारभूत केंद्रावर धान विकतो. चुकारे लगेच मिळतीलच असं नाही. इकडे पीककर्ज ३१ मार्चपर्यंत फेडलं तर व्याजाची सवलत, नाही फेडलं तर ती गेली. मग ज्याचे चुकारे अडकले तो काय करतो? व्यापाऱ्याला कमी भावात धान देऊन मोकळा होतो? बचत गटातून उचलतो? सावकाराकडे जातो? आणि केंद्रावरचा भाव जास्त असूनही, उशिराची किंमत धरली तर तो खरंच जास्त राहतो का?

हा शुद्ध फायनान्सचा प्रश्न आहे. आजचा पैसा आणि तीन महिन्यांनंतरचा पैसा यांतला फरक, तरलता, कर्जाची उपलब्धता, सगळं त्यात आहे. विकल्याची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख आणि कर्ज फेडल्याची तारीख, या तीन तारखा तीस-चाळीस घरांच्या पासबुकातून, अर्थात त्यांना विचारून, नोंदवता येतात. एवढ्यावरून निष्कर्ष निघणार नाही, आणि अर्जात तसा आव आणूही नका. उलट लिहा: एवढं बघितलं, हे समजलं, इथे माझी गाडी अडली, कारण मला अमुक पद्धत येत नाही, आणि ती शिकायला मला तुमच्याकडे यायचंय. तुमच्या अर्जातला खरा ‘पर्पज’ हा आहे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. चांगला प्रश्न असला की प्रवेश मिळतोच असं नाही. गणिताचे गुण, जीमॅट किंवा जीआरई, इंग्रजीची परीक्षा, फी, हे सगळं उरतंच. बाबासाहेबांसारख्या माणसालाही पैशाअभावी अर्ध्यातून परत यावं लागलं, आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीला नोकरीचा करार जोडलेला होता. तेव्हा शिष्यवृत्तीच्या अटी एसओपीइतक्याच काळजीने वाचा. मुदत किती, परत येऊन काय करायचं, मध्येच संपली तर काय. आणि प्रवेश पुढे ढकलता येतो का, हे विद्यापीठाला लेखी विचारा. विचारायला लाज कसली?

‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात आहे. पूर्ण वाचायला जड जाईल. आधी कॅनन यांची प्रस्तावना वाचा, मग लेखकाची, मग शेवटचं प्रकरण. त्यानंतर स्वतःचा एसओपी उघडा आणि प्रत्येक वाक्यापुढे विचारा, याला कोणी ‘नाही, मला पटत नाही’ असं म्हणू शकेल का? ज्या वाक्याला कोणीच नाही म्हणू शकत नाही, ते वाक्य काढून टाका. बहुतेकांची दोन पानं अर्ध्या पानावर येतील. काही हरकत नाही. तिथून पुढे लिहायला लागा.