अणू इतके लहान का?

एर्विन श्रोडिंगर यांचे ‘व्हॉट इज लाइफ?’ हे पुस्तक जेमतेम शंभर पानांचे आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात सुमारे ४०० श्रोत्यांपुढे त्यांनी जी व्याख्याने दिली, त्यांतून ते तयार झाले आणि १९४४ साली प्रसिद्ध झाले. लेखक पुंजयामिकीसाठी नोबेल मिळालेला भौतिकशास्त्रज्ञ. जीवशास्त्र हा आपला प्रांत नाही हे तो प्रस्तावनेतच सांगतो आणि तरीही बोलण्याची मोकळीक मागून घेतो. सजीव शरीराच्या आत जे घडते त्याचा हिशोब भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र कसा देणार, हा त्याचा प्रश्न. पुस्तकाच्या निष्कर्षांबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले. मला श्रोडिंगर यांची विचार करण्याची चाल मोलाची वाटते. ती नीट पाहिली तर हे पुस्तक एखाद्या उत्तम ललित निबंधासारखे रचलेले आहे हे लक्षात येते.

पहिल्याच प्रकरणात शाळकरी पोराने विचारावा तसा प्रश्न येतो: अणू इतके लहान का असतात? वाचक उत्तराची वाट पाहत असतानाच श्रोडिंगर प्रश्न फिरवतात. लहान म्हणजे कशाच्या मानाने? आपण मोजतो ती मापे शेवटी आपल्या देहावरूनच आलेली. मग खरा प्रश्न असा, की आपले शरीर अणूंच्या मानाने इतके अवाढव्य का असावे लागते? दोनच वाक्यांत सगळी दिशा बदलते. अणू बिचारे आहेत तसे आहेत. कारण द्यायचे ते आपण.

उत्तरही तितकेच सुंदर आहे. अणू-रेणू उष्णतेमुळे सतत सैरावैरा धावत असतात. थोड्या रेणूंचे वागणे बेभरवशाचे. नियम दिसतो तो प्रचंड संख्येत. १०० रेणूंच्या बाबतीत नियमाने सांगितलेल्या आकड्यात साधारण १० चा फरक पडू शकतो, म्हणजे दहा टक्के. दहा लाख रेणू असले तर फरक हजाराचा, म्हणजे हजारात एक. ज्या मेंदूला एकेका अणूचा धक्का जाणवेल, त्याला सुसंगत विचार करताच येणार नाही. व्यवस्था हवी तर गर्दी हवी.

हे पटवून झाले की ते स्वतःच त्याच्यावर घाव घालतात. क्ष-किरणांनी घडवलेल्या उत्परिवर्तनांच्या प्रयोगांवरून असे दिसत होते की जनुकात बदल घडतो तो हजारएक अणूंच्या जागेत. पहिल्या प्रकरणाच्या हिशोबाने ही संख्या फारच तोकडी. इतक्या थोड्या अणूंवर भरवसा ठेवून आनुवंशिकता चालते कशी? इथे ते ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याचा खालचा ओठ पुढे आणतात. सोळाव्या शतकातल्या एका पुरुषाच्या चित्रात तो ओठ दिसतो आणि एकोणिसाव्या शतकातल्या वंशजाच्या चित्रातही दिसतो. मधली सगळी शतके त्या ओठाचा जनुक ९८ अंश फॅरनहाइटच्या उबेत राहिला, तरी बिघडला नाही. रूक्ष युक्तिवाद एकदम चेहरा घेऊन समोर उभा राहतो. श्रोडिंगर यांचा जन्म १८८७ चा, हाब्सबुर्गांच्याच व्हिएन्नातला. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर देश सोडून ते आयर्लंडला आले होते. परक्या शहरात टिकून राहण्याबद्दल बोलताना त्यांना आपल्या गावच्या राजांचा ओठ आठवावा, यात मला विलक्षण हृद्य काही वाटते. त्यांनी स्वतः मात्र त्याबद्दल अवाक्षरही काढलेले नाही.

जनुक हा एक रेणू आहे आणि हा टिकाऊपणा त्याच्या बांधणीत आहे, हे त्यांचे उत्तर. एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जायला रेणूला ऊर्जेचा उंबरा ओलांडावा लागतो. पुस्तकातले तीन आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. उंबरा उष्णतेच्या ऊर्जेच्या ३० पट असला तर रेणू सेकंदाचा दहावा भाग टिकतो. ५० पट असला तर सोळा महिने. ६० पट असला तर ३०,००० वर्षे. उंबरा दुपटीने वाढला आणि क्षणाची युगे झाली. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स डेलब्रुक यांच्या कल्पनेचे हे विवेचन आहे, आणि श्रेय त्यांना मनमोकळेपणे दिलेले आहे.

याच रेणूला ते ‘अनावर्ती स्फटिक’ म्हणतात. साध्या स्फटिकात एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते. इथे रचना घट्ट, पण पुनरावृत्ती नाही; म्हणून त्यात मजकूर मावतो. जनुकांत सांकेतिक लिपी असावी, हे त्यांनी डीएनएची रचना उलगडण्याच्या नऊ वर्षे आधी लिहिले. १२ ऑगस्ट १९५३ रोजी, ती रचना उलगडणाऱ्यांपैकी एक फ्रान्सिस क्रिक यांनी त्यांना पत्र पाठवून कळवले, की तुमचा ‘अनावर्ती स्फटिक’ हा शब्द आता चपखल ठरणार असे दिसते. क्रिक आणि त्यांचे सहकारी वॉटसन दोघांनाही या पुस्तकाने या वाटेला वळवले होते.

सहावे प्रकरण सर्वांत गाजलेले. जे आपली व्यवस्था मोडू न देता निर्जीव वस्तूपेक्षा कितीतरी अधिक काळ काही ना काही करत राहते, ते सजीव. पण कशाच्या जोरावर? द्रव्याची अदलाबदल, हे पहिले उत्तर ते फेटाळतात: नायट्रोजनचा एक अणू जाऊन तसाच दुसरा आला, तर मिळाले काय? ऊर्जा, हे दुसरे उत्तरही फेटाळतात: वाढ पुरी झालेल्या माणसातली ऊर्जा साधारण तेवढीच राहते, मग अन्नातल्या उष्मांकांची भर कशाला? मग तिसरे उत्तर येते. जीव भोवतालातून व्यवस्था शोषून घेतो; एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्थेचे माप, म्हणून या व्यवस्थेला त्यांनी ‘ऋण एन्ट्रॉपी’ असे नाव दिले. भौतिकशास्त्रज्ञांनी हरकत घेतली तेव्हा पुढे त्यांनी टीप जोडली, की केवळ तज्ज्ञांसाठी लिहिले असते तर ‘मुक्त ऊर्जा’ म्हटले असते. पण सामान्य वाचकाच्या कानाला ती साध्या ऊर्जेसारखीच लागली असती. वाचकाचा असा विचार करणारा शास्त्रज्ञ मला फार जवळचा वाटतो.

पुस्तकात उणिवा आहेत. माणसाची गुणसूत्रे ४८ दिली आहेत, तो त्या काळचा समज. ४६ हा आकडा १९५६ साली नक्की झाला. जनुक बहुधा प्रथिनाचा असावा असे ते धरून चालतात, आणि त्याच १९४४ साली जीवाणुशास्त्रज्ञ एव्हरी व सहकाऱ्यांनी डीएनएकडे बोट दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. रेणूजीवशास्त्रज्ञ मॅक्स पेरुत्झ यांनी पुढे कठोर शब्दांत लिहिले, की पुस्तकातले खरे ते नवे नाही आणि नवे ते बरेचसे खरे नाही. मला सर्वांत खटकते ते हे, की पेशीतल्या विकरांकडे, म्हणजे प्रत्यक्ष राबणाऱ्या यंत्रणेकडे, त्यांचे जवळजवळ लक्षच नाही. लिपी सापडली की वाचणारा कोण, हा प्रश्न अर्धाच राहतो. उपसंहारात उपनिषदांतले आत्मा-ब्रह्म ऐक्य येते. ते आपल्याला ओळखीचे म्हणून सुखावते, पण मागच्या प्रकरणांची बांधेसूद शिस्त तिथे नाही.

तरीही हे पुस्तक वाचायलाच हवे. गणित जवळपास नाही, वाक्ये स्वच्छ आहेत. सहावे प्रकरण प्रसिद्ध म्हणून थेट तिथे जाऊ नका. पहिल्यापासून वाचा आणि सहाव्याच्या शेवटची ती टीप सोडू नका.