पळवाट की विसावा? जबलपूरच्या स्नूकरच्या निमित्ताने

परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही मोबाईलवर 'एकच डाव' खेळायला बसलात आणि कुणी 'हा पळपुटेपणा आहे' म्हणाले, तर काय उत्तर द्याल? मराठी समीक्षेत 'पलायनवाद' हा शब्द बहुधा आरोप म्हणूनच येतो. फडके आणि खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद आठवा. रंजनाकडे संशयाने पाहण्याची सवय आपल्याला जुनीच आहे. हा आरोप कितपत टिकतो, ते एका खेळाच्या जन्मकथेवरून तपासू.

१८७५ चा पावसाळा. जबलपूरच्या छावणीतील ब्रिटिश अधिकारी वेळ घालवण्यासाठी मेसमधल्या बिलियर्डच्या टेबलाभोवती जमत. नेव्हिल चेंबरलेन हा त्यांच्यातला एकोणीस वर्षांचा अधिकारी (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन वेगळे). 'ब्लॅक पूल' या खेळात पंधरा लाल आणि एक काळा चेंडू असे; त्याने त्यांत आणखी रंगीत चेंडू मिसळले. एकदा तोफखान्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने सांगितले, की वुलविचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या नवख्याला 'स्नूकर' म्हणतात. थोड्याच वेळात एकाचा सोपा चेंडू हुकला. चेंबरलेनने त्याला 'स्नूकर' म्हणून चिडवले आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून लगेच जोडले, की या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. तेच नाव खेळाला चिकटले.

ही हकिकत चेंबरलेनने स्वतः १९३८ मध्ये 'द फील्ड' या नियतकालिकाला लिहून कळवली, म्हणजे ६३ वर्षांनंतर. म्हाताऱ्या माणसाची ही सुखद आठवण आहे, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी. तरीही तिच्यातला एक तपशील महत्त्वाचा आहे. हे अधिकारी कंटाळ्यापासून पळाले, पण लष्करापासून नाही. नवख्याला हिणवण्याचा शब्दसुद्धा त्यांनी तिथूनच आणला. फक्त टेबलावर त्याचा अर्थ बदलला. लष्करात नवखेपण ही नामुष्की होती. खेळात ते सगळ्यांच्या वाट्याला आले. खेळातला दिलासा इथे आहे. चुकण्याची किंमत इथे कमी असते, आणि पुन्हा सुरुवात करता येते. व्हिडिओ गेममध्ये हरल्यावर नवा डाव मांडताना तुम्हाला मिळतो तो हाच दिलासा.

टोल्किन यांनी परीकथांवरील निबंधात एक उपयुक्त फरक केला आहे. कैद्याने तुरुंगातून सुटणे वेगळे आणि शिपायाने रणातून पळणे वेगळे. टीकाकार या दोहोंची गल्लत करतात. मात्र या युक्तिवादालाही मर्यादा आहे. कैदी सुटला की परत येत नाही. खेळणाऱ्याला मात्र परतायचेच असते. म्हणून 'कशापासून पळालात?' एवढाच प्रश्न पुरत नाही. 'परत येता येते का?' हेही विचारायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेचे निकषही याच दिशेने जातात. २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' ठरवताना केवळ खेळण्याचे तास मोजत नाहीत. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळच वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, हे पाहतात.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: ही फुरसत कुणाच्या जिवावर? 'आपण सगळेच' या शब्दांत मेसमधले अधिकारी येत होते. त्यांची चाकरी करणारे जबलपूरकर येत नव्हते. त्या समतेला मेसच्या भिंती होत्या. आज तुमच्या हातात मोबाईल असतो, तेव्हा घरातले काम कोण उरकत असते? भावाला खेळायला वेळ मिळतो, तसा बहिणीला मिळतो का?

तेव्हा पलायन हा शब्द शिवी म्हणून वापरू नका, आणि ढाल म्हणूनही नको. डाव संपल्यावर स्वतःला विचारा: मी परत आलो का, आणि माझ्या विसाव्याचा भार कुणी वाहिला?