लहान विमानातील माणूस

विमानाची लहान प्रतिकृती मांडताना तिच्यात वैमानिकाची मूर्ती बसवावी की बसवू नये, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरखेळाचा वाटेल. आणि वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकाने त्यास पाने का द्यावीत, असेही कोणी विचारील. परंतु ज्या कलेत सत्याचा बहात्तरावा हिस्सा हाती घेऊन संपूर्ण सत्याचा भास निर्माण करावयाचा असतो, तिच्यातील वाद म्हणजे साहित्यशास्त्रातले जुनेच वाद नव्या वेषात आलेले असतात. शिवाय आमच्या निफाड तालुक्यापुरता तरी हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा नाही. लासलगावचे नाव बाहेर कांद्यामुळे झाले. पण याच तालुक्यात ओझर येथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना निघाला, आणि मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची लढाऊ विमाने तेथे तयार झाली. तेव्हा विमान व त्यातील माणूस यांचा संबंध काय, हे विचारण्याचा आम्हांस काही अधिकार आहे असे आम्ही समजतो.

मूर्ती नको म्हणणाऱ्यांचा पक्ष आधी पाहू, कारण तो दुबळा नाही. प्रतिकृतींचे सर्वांत रूढ प्रमाण एकास बहात्तर, म्हणजे एका इंचास सहा फूट. या प्रमाणात मिग-२१ चे पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर भरतात. पावणेसहा फुटी माणूस उभा केला तर चोवीस मिलिमीटरचा. बसला की बारा-तेरा मिलिमीटरचा. त्याचे डोके तीन मिलिमीटरांच्या आसपास, आणि डोळा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. धातूचा पत्रा, काच, रबर यांचे अनुकरण रंगाने व घासकामाने पुष्कळच साधते. मनुष्याची कातडी, मानेचा कल, खांद्याचा भार यांचे मात्र सहजी साधत नाही. कुंचल्याचा एक ठिपका मोठा पडला की वैमानिक डोळे वटारलेला दिसू लागतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या स्वस्त संचांतून हात मांडीवर ठेवलेली एकच ठोकळेवजा बाहुली सरसकट सर्व विमानांत बसविलेली असे. अशी बाहुली इतर सारी मेहनत फुकट घालविते. यंत्र खरे आणि माणूस खोटा, असा देखावा पाहण्यापेक्षा माणूस नसलेला बरा, असे या पक्षाचे म्हणणे आहे.

उलट पक्षाचे उत्तर साधे आहे. विमान उडताना दाखविले, चाके पोटात घेतलेली, नाक वर केलेले, आणि आत कोणी नाही, तर ते चित्र खोटेच झाले. रंगातील चूक डोळ्यांस खुपते. ही चूक बुद्धीस खुपते, आणि एकदा खुपली की पुन्हा विसरता येत नाही.

या वादाचा निकाल लावण्यापूर्वी आपल्या घरच्या एका कलेकडे पाहणे उपयोगी होईल. दिवाळीत मुले अंगणात दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरतात आणि बाजारातून आणलेली मातीची ‘चित्रे’ मांडतात. तेथे प्रमाणाचा पत्ता नसतो. सिंहासनावरील शिवाजीमहाराज महादरवाजाहून उंच, गवळण तटबंदीएवढी, आणि वाघ बुरुजाच्या निम्मा. तरीही कोणी रसिक त्यास दोष देत नाही, कारण हा किल्ला आपण रायगडाचे माप आहोत असे कधी सांगतच नाही. महाराजांची मूर्ती मोठी असते ती त्यांच्या थोरवीच्या प्रमाणात. याचा अर्थ असा की, प्रत्येक प्रतिकृती पाहणाऱ्याशी एक करार करीत असते, व तिचा गुणदोष त्या कराराच्या आधारेच ठरवावा लागतो. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याचा जो विचार मांडला, त्याचे मर्म हेच आहे: अलंकार कितीही सुंदर असला तरी तो अस्थानी घातला की हास्यास्पद होतो.

हा न्याय लावला म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात. १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून शत्रूमित्रांच्या विमानांच्या लक्षावधी लाकडी प्रतिकृती करून घेतल्या. त्या याच एकास बहात्तर प्रमाणाच्या, भरीव आणि काळ्या रंगाच्या होत्या. आकाशातील आकृती एका दृष्टिक्षेपात ओळखता यावी एवढाच त्यांचा करार होता. तेथे वैमानिक नाही ही उणीव नव्हे. तो असता तर ते अनौचित्य झाले असते. 

परंतु दुसऱ्या टोकाचे उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात ज्या थोड्या हिंदी तरुणांनी ब्रिटिश लढाऊ विमाने चालविली, त्यांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर हे एक होते. त्यांचे विमान सॉपविथ डॉल्फिन जातीचे. या विमानाची रचना मोठी विलक्षण होती: वरच्या पंखाच्या मध्यभागी एक मोकळी चौकट ठेवलेली असे, आणि वैमानिकाचे डोके त्या चौकटीतून पंखाच्या वर येई. त्यामुळे त्यास वरचे आकाश उत्तम दिसे. पण उतरताना विमान उलटले तर पहिला आघात त्याच्या मस्तकावरच होण्याचा धोका असे. १९१८ च्या जूनअखेर वेलिंगकर फ्रान्समध्ये जखमी होऊन शत्रूच्या हाती पडले आणि ३० जून रोजी मृत्यू पावले. आता डॉल्फिनची प्रतिकृती उडत्या अवस्थेत, माणसावाचून मांडून पाहा. पंखाच्या मधोमध एक भोक दिसेल. त्याचे प्रयोजन काय ते कळणार नाही. ते विमान एका मस्तकाभोवती बांधलेले होते. मस्तक काढून घेतले की यंत्राचाही अर्थ नाहीसा होतो. 

येथे रसशास्त्राचा एक मुद्दा आम्हांस महत्त्वाचा वाटतो. यंत्र पाहून मनात विस्मय उत्पन्न होतो, आणि विस्मय हा अद्भुताचा स्थायीभाव आहे. पण वीररसाचा स्थायीभाव उत्साह, आणि उत्साहाला आश्रय म्हणून सचेतन माणूस लागतो. लोखंडाला उत्साह नसतो. त्याला भय नसते. त्याच्यासाठी कोणी शोकही करीत नाही. म्हणून माणसावाचून मांडलेली युद्धविमानाची प्रतिकृती कितीही निर्दोष असली तरी ती अद्भुताच्या पुढे जाऊ शकत नाही. तिला कोणी शौर्याचे चित्र म्हणू लागला, तर त्याने यंत्राच्या अंगावर माणसाची वस्त्रे चढविली असेच म्हणावे लागेल.

आणि ही चूक टेबलावरच्या प्रतिकृतीपुरती राहत नाही, हेच चिंतेचे कारण आहे. २०१८ च्या जून महिन्यात वावी ठुशीच्या शिवारात आणि २०२४ च्या जून महिन्यात शिरसगावच्या शिवारात सुखोई विमान कोसळले. दोन्ही वेळी दोघे दोघे वैमानिक हवाई छत्रीने सुखरूप उतरले. बोलताना मात्र आपण ‘विमान पडले’ एवढेच म्हणतो. मिग-२१ हे विमान १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत भारतीय हवाईदलाच्या सेवेत होते. त्याच्या निरोपाच्या वेळी त्याच्या वेगाचे व पराक्रमाचे वर्णन पुष्कळ झाले. पण त्याच विमानात १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मृत्यू पावले, आणि त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी पुढे कित्येक वर्षे वैमानिकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न लोकांपुढे व सरकारपुढे मांडला. त्या माउलीची सारी धडपड एका अर्थी आमच्या विषयाचीच होती: विमानाचा हिशेब करताना आत बसलेला माणूस मोजा. निवृत्त झालेली खरी विमाने गावोगावच्या चौकांत खांबावर उडत्या पवित्र्यात उभी केलेली आपण पाहतो. तेथे प्रमाण एकास एक. पण बैठक रिकामी. अनुकरण शंभर टक्के आणि सत्य अर्धे, याहून वेगळे वर्णन त्याचे आम्हांस सुचत नाही.

तर मग मूर्ती सर्वत्र बसवावी काय? तसेही आमचे म्हणणे नाही. लेसिंग या जर्मन टीकाकाराने १७६६ सालच्या ‘लाओकून’ या ग्रंथात शिल्पकाराला व चित्रकाराला एकच क्षण मिळतो हे दाखवून, तो क्षण असा निवडावा की कल्पनेला मागेपुढे धावण्यास वाव राहावा, असे प्रतिपादिले. प्रतिकृतिकारालाही एकच क्षण मिळतो. जमिनीवर उभे असलेले विमान, काचेचे झाकण उघडे, बाजूला शिडी लावलेली, बैठकीवरचे पट्टे सुटे पडलेले: येथे वैमानिक नाही, आणि तरीही आहे. तो नुकताच उतरला असेल किंवा आता चढणार असेल. किंबहुना तो परत आलाच नसेल, ही शंकाही त्या रिकाम्या बैठकीत राहू शकते. आणि तेथे करुणाला जागा मिळते. मात्र ती बैठक कोणीतरी रिकामी केलेली दिसली पाहिजे. कारागिराने भरावयाची राहून गेलेली दिसता कामा नये. शिडीच्या पायरीवर एक पाय ठेवलेली मूर्ती जर साधली, तर ती कॉकपिटात कोंबलेल्या मूर्तीपेक्षा दसपट बोलकी होईल.

उडते विमान मांडावयाचे असेल तर मात्र पळवाट नाही; तेथे माणूस हवाच. आणि तो त्याच काळाचा, त्याच विमानाचा हवा. आधुनिक लढाऊ वैमानिकाचा चेहरा शिरस्त्राण व प्राणवायूचा मुखवटा यांनी झाकलेला असल्यामुळे डोळे रंगविण्याची अडचण आपोआप टळते. कारागिराने लक्ष द्यावे ते मानेकडे. वळणावर झुकलेल्या विमानात मान सरळ समोर ठेवलेला वैमानिक मेलेला दिसतो. वळणाच्या आतल्या बाजूस पाहणारा जिवंत दिसतो. हा फरक साऱ्या रंगकामाहून अधिक काम करतो.

सारांश, मूर्ती आहे की नाही यावरून प्रतिकृतीची परीक्षा होत नाही. आपण ज्याची प्रतिकृती करीत आहो ते माणसाचे वाहन आहे, याची जाणीव तिच्यात आहे की नाही, हीच परीक्षा खरी. ती जाणीव असेल तर रिकामी बैठकही बोलते. नसेल तर रंगविलेली मूर्तीही आणखी एक सुटा भाग होऊन बसते.