‘शाकुंतला’तील वाङ्‌निश्चय

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त दुष्यंत संस्कृत बोलतो आणि शकुंतला प्राकृत. हा निव्वळ नाट्यसंकेत मानून सोडून देण्याचा प्रघात आहे. परंतु या प्रणयाची वाटचाल त्या भाषाभेदातच उमटलेली दिसते. पहिल्या भेटीत शकुंतला राजाशी फारसे बोलत नाही. तिच्या वतीने सख्याच बोलतात. तिसऱ्या अंकात ती कमलपत्रावर प्राकृत पद्य रचते व सख्यांना वाचून दाखवते. आडून ऐकणारा राजा पुढे होतो आणि तिच्याच पद्यातील ‘तप्’ धातू उचलून, त्यावर ‘दह्’ची चढ करून, संस्कृत पद्याने उत्तर देतो. भाषा दोन, धातू एक. वाङ्‌निश्चय खऱ्या अर्थाने येथेच होतो. गांधर्वविवाह व नाममुद्रांकित अंगठी हे त्यानंतरचे.

पाचव्या अंकात अंगठी सापडत नाही, तेव्हा शकुंतला दीर्घापांग हरिणशावकाची आठवण सांगते. परंतु दुर्वासांच्या शापामुळे राजाला तिच्या शब्दांची ओळख उरलेली नसते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले. मराठीत मूळचा भाषाभेद लोपणे अपरिहार्य आहे. म्हणूनच अनुवादकाने या दोन पद्यांत निदान क्रियापद तरी एकच योजावे. एरवी राजाचे उत्तर हे उत्तर आहे, हेच वाचकाला उमगणार नाही.